जहर न प्यालेला पंप

लाइन गेली की बाकीच्यांच्या घरी पंखे थांबतात. धुरपताच्या घरी मासे वर येतात.

सकाळचे नऊ वाजून गेले होते. धुरपता मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, सुपात तांदूळ घेऊन बसली होती. न्हाणीच्या भिंतीला लागून निळ्या ताडपत्रीचं गोल टाकं उभं होतं, दहा फूट रुंद, कमरेएवढं उंच, बाहेरून लोखंडी जाळीचा वेढा. त्यात माशांची सात हजार बोटुकली होती. रोहू, कटला, मृगळ. एकेक पिल्लू बोटाच्या पेराएवढं. टाक्याशेजारी विटांवर ठेवलेला मिक्सरएवढा हवेचा पंप चार दिवसांपासून घूं करत होता आणि त्याच्या नळ्यांमधून पाण्यात बुडबुडे फुटत होते. तो घूं एकाएकी मेला. धुरपताचा हात सुपातच राहिला.

आधी तिला वाटलं, येईल. लाइन जाते, येते. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत तर दिवसाला चारदा जाते. पण दहा मिनिटांनी परसराम ढिवर, मासेमारांच्या घरचा म्हातारा, काठी टेकत आला आणि त्यानं सांगितलं की रातच्या वाऱ्यानं कललेलं नाल्याजवळचं मोहाचं झाड आत्ता तारांवर पडलं आहे, तीन खांब आडवे झाले आहेत. धुरपतानं लाइनमनला फोन लावला. तो बिचारा कुठल्याशा दुसऱ्याच खांबावर चढलेला होता. उद्या दुपारपर्यंत धरून चाला, म्हणाला, आणि फोन ठेवला. शहरात एक तास लाइन गेली तर पेपरात येतं. इथं दीड दिवस गेली तर लोक म्हणतात, पावसाळा आहे.

धुरपतानं टाक्यात वाकून पाहिलं. पाण्याच्या कडेनं पिल्लांची तोंडं वर आली होती. बारीक, गोल, उघडझाप करणारी तोंडं. जणू कोणी पाण्यावर साबुदाणा सांडला होता आणि तो हलत होता.

ही बाई पन्नाशीची. बाबुलालची बायको. आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधीत रोवणे केले, कापण्या केल्या. पण हिचा एक दोष होता, तो म्हणजे तिला स्क्रू दिसला की राहवत नसे. एकदा तिनं भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतं. बाबुलाल अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा की तेव्हापासून आमच्या घरी वेळच नाही. त्यामुळे पिल्लं मरायला टेकलेली पाहतानाही तिच्या डोक्यात आलं की ही पाण्यातली जनावरं, पाण्यातच तर आहेत, मग वर तोंड काढून मागतात काय? पाण्यात हवा असते आणि ती संपते, हे तिला परसरामनं सांगितलं होतं. पण ती संपताना दिसते कशी, हे ती आज पहिल्यांदा पाहत होती.

परसरामनं काठी भिंतीला लावली, बादली पालथी घालून तिच्यावर बसला, आणि उजव्या हाताच्या तळव्यानं पाणी मारायला लागला. थप, थप, थप. सत्तरीचा माणूस. तरुणपणी तो कलकत्त्याहून रेल्वेनं हंड्यांमध्ये जिरे आणायचा. जिरे म्हणजे माशांची अगदी जिऱ्याच्या दाण्याएवढी पिल्लं. दीड दिवसाच्या प्रवासात हंडीतला हात काढायचा नाही, पाणी सारखं हालतं ठेवायचं. चार जण पाळीनं हात घालायचे. एकदा उतरायचं ठेसन जवळ आलं असताना त्याला डुलकी लागली आणि उठला तेव्हा मेलेल्या पिल्लांनी त्याची हंडी पांढरी झाली होती. ते तो अजून सांगतो, आणि सांगताना कोणाकडे पाहत नाही.

त्यानं सांगितलं की त्याचा हात दुपारच्या बारापर्यंत चालेल. पुढचं तिनं पाहावं.

पुढचं म्हणजे काय, ते सांगतो. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि हे नवं गाव माळावर वसलं, तेव्हा गावाला एकच चांगली गोष्ट मिळाली, ती म्हणजे मागची बोडी, छोटं तळं. अकरा वर्षं त्या बोडीतले मासे पंचायतीत पदावर असलेल्या मधुकररावांचे; सरकारी योजनांचं वाटपही त्यांच्याच हातून. दरवर्षी ग्रामसभेत विचारायचे, बोडी कोणाला हवी, आणि दरवर्षी मधुकररावांशिवाय कोणाचा हात वर होत नसे. कायदा आड येत नव्हता. हात वर होत नसे एवढंच. यंदा टोलीतल्या, म्हणजे गावानं कडेला ठेवलेल्या वस्तीतल्या, बचत गटाच्या सहा बायांनी हात वर केले, त्यांत धुरपता.  मग ठराव झाला, पण अट घालून. अमुक तारखेच्या आत समितीसमोर बोडीत बीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडायचं. नाही सोडलं तर ठराव रद्द, बोडी दुसऱ्या अर्जदाराला. दुसरा अर्जदार मधुकरराव.

ती तारीख उद्याची होती. आजच पिल्लं बोडीत ओतून मोकळं व्हावं, तर बोडी भरून सांडव्यावरून वाहत होती आणि सांडव्याची जाळी पवनीच्या वेल्डिंगवाल्याकडे होती, ती उद्या सकाळी येणार. आज सोडलेलं बीज तासाभरात नाल्यात, नाल्यातून वैनगंगेत. बाकीच्या पाच जणी दोन कोसांवर रोवण्याला गेलेल्या. गावातले ट्रॅक्टर सगळे बांध्यांत, चिखलणीला. घरी होता फक्त बाबुलाल, तोही पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या म्हणून. पायाला हळद-तेल लावून तो खाटेवर बसला होता.

"मधुकरभाऊकडे इनव्हर्टर हाये," तो म्हणाला.

धुरपतानं त्याच्याकडे पाहिलं.

"मी सांगून रायलो. जा म्हणतो का मी?"

"त्याचा इनव्हर्टर भिंतीत बसवला हाये. भिंत आणू का डोक्यावर?"

ती घरात गेली, बाहेर आली, परत आत गेली. हातात काही नसताना ती चालायला लागली की बाबुलालला कळायचं, आता काहीतरी उघडलं जाणार. तिची नजर शेजारच्या छपरीत खुटीला टांगलेल्या फवारा पंपावर गेली. पाठीवर घ्यायचा, बॅटरीवरचा. गावात घरटी एक तरी असतो. आणि या दिवसांत ते सगळे रिकामे टांगलेले, कारण रोवणा उरकल्याशिवाय फवारणी कुठली?

मागच्या वर्षी शेजारणीचा असाच पंप बंद पडला होता आणि धुरपतानं तो उघडला होता. त्यामुळे तिला ठाऊक होतं, खालच्या झाकणामागे शिदोरीच्या डब्याएवढी काळी बॅटरी असते, तिच्यावर बारा लिहिलेलं असतं, आणि तिच्या शेजारी मुठीएवढी मोटर. मोटर एका नळीनं पाणी ओढते, दुसरीनं फेकते. टाक्यातलंच पाणी ओढून वरून टाक्यातच फेकलं तर? परसरामचा हात जे करून राहिला आहे तेच ते, फक्त न थकता.

तिनं बाबुलालला सांगितलं, टोलीतल्या सगळ्या घरांतून पंप आण. कोणी घरी नसेल तर खुटीवरून काढून आण, मी सांगते त्यांना. बाबुलालनं चिखल्या झालेल्या बोटांत प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, हातठेला घेतला आणि निघाला. जाताना एवढंच म्हणाला की तू सरपंच झाली असती तर बरं होतं, घरच्या माणसाले तरी गाडी मिळाली असती.

पाऊण तासात अकरा पंप आले. धुरपतानं पहिला पंप उलटा केला, टाकी काढून टाकली, मोटरची ओढायची नळी टाक्याच्या काठावर आणली. आता ती पाण्यात सोडणार, एवढ्यात तिच्या नाकाला वास आला. उग्र, गोडसर, घशाला बसणारा. धानावरच्या किडीसाठी मारतात त्या औषधाचा. औषध म्हणायची पद्धत आहे. बाटलीवर कवटी छापलेली असते आणि आम्ही तिला औषध म्हणतो.

तिनं नळी मागं घेतली.

परसराम पाणी मारता मारता पाहत होता.  धुरपतानं घमेलं घेतलं, त्यात स्वच्छ पाणी ओतलं, चाळणीनं दहा पिल्लं त्यात घेतली. मग दुसऱ्या बादलीतलं पाणी त्या मोटरमधून काढून घमेल्यात सोडलं, आणि बसून मोजायला लागली. तीनशेला एक पिल्लू आडवं पडलं आणि गोल गोल फिरायला लागलं. पाचशेपर्यंत दहाही पांढरी.

दुसरं कोणी असतं तर तिथंच थांबलं असतं. धुरपतानं मोटर राखेच्या पाण्यानं धुतली, पुन्हा दहा पिल्लं. या वेळी आठशेपर्यंत गेली. मग कपड्याचा साबण लावून, नळ्या बदलून, वीस वेळा पाणी खेळवून पुन्हा दहा. हजाराला मेली.

"वाढून रायली," बाबुलाल म्हणाला. "संध्याकाळपर्यंत जगतीन."

"तुमी बसा ना जरा."

तिनं स्क्रू सोडवून मोटरचं तोंडच उघडलं. आत काळ्या रबराची चकती होती. तिनं ती नखानं दाबली, नाकाशी नेली. रबरच जहर पिऊन बसलं होतं. वर्षानुवर्षं प्यालेलं, ते तासाभरात धुतल्यानं जाणार कसं? याच रबरातून निघालेलं धानावर पडतं, आणि तेच धान आपण खातो, हे तिच्या मनात आलं. ते तिनं बाजूला ठेवलं. तीस पिल्लं गेली होती, आणि टाक्यात वर आलेली तोंडं आता कडेलाच नव्हती, मधोमधही होती. परसरामनं हात बदलला होता. उजवा हात मांडीवर ठेवून तो डाव्यानं पाणी मारत होता, आणि डाव्याचा आवाज हलका होता.

"बॅटरीनं जहर नाई पेलं," ती म्हणाली. "बॅटऱ्या चांगल्या हायेत. मोटर पायजे, जिनं कधीच औषध पेलं नाई अशी."

"अशी कोणाजोळ राहीन," परसराम म्हणाला. "पंप का शोभेले घेते का कोणी?"

तेव्हा बाबुलालचा चेहरा बदलला. तो पायाच्या पिशव्यांशी चाळा करत म्हणाला की मधुकररावांच्या कोठीत आहेत. कोरे. खोक्यात. सहा.

धुरपतानं विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक?

"मीच तर उतरवले गाडीतून. मागच्या उन्हाळ्यात. खोक्यावर पंपाचं चित्र होतं." मग त्यानं सांगितलं, "च्याहा पाजला होता मले."

मधुकररावांचं घर गावाच्या तोंडाशी, दुमजली. छपरीत ते खुर्चीवर होते आणि वर पंखा फिरत होता. अख्ख्या गावात तो एकच फिरत होता. त्यांच्यासोबत पवनीचा कोणी खत विकणारा बसला होता. धुरपता पायरीजवळ उभी राहिली, मागं ठेला घेऊन आलेला बाबुलाल. मधुकररावांनी बस म्हटलं, पण कशावर ते म्हटलं नाही, म्हणून ती पायरीवर बसली. आतून चहा आला. खतवाल्याला कपबशीत, मधुकररावांना कपबशीत, धुरपता आणि बाबुलालला कागदी कपात. कागदी कप कोरोनात सगळ्यांसाठी आला होता. कोरोना गेला, आणि काही घरांत तो काही माणसांपुरता राहिला. आता त्याला कोणी काही म्हणू शकत नाही, स्वच्छता म्हणतात.

धुरपतानं चहा खाली ठेवला आणि सरळ विचारलं की कोठीत कोरे पंप आहेत ते आजच्या दिवसापुरते मिळतील का.

तिला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. कुठले पंप म्हणतील. पण मधुकरराव खुर्चीत पुढं सरकले. बाबुलालला म्हणाले, बरं केलं तूच आलास, मी तुमच्याकडे निरोप धाडणारच होतो. त्यांनी योगेंद्रला, म्हणजे पोराला, हाक मारली. योगेंद्र बाहेर गेला आहे असं आतून कोणी सांगितलं. मग ते स्वतः उठले आणि कोठी उघडली.

खोकी धुळीनं पांढरी झाली होती. धुरपतानं पदरानं एकावरची धूळ पुसली, कारण तिला आतली मोटर कोणत्या जातीची आहे ते वाचायचं होतं. मोटरचं काही लिहिलेलं नव्हतं. एक चिठ्ठी चिकटवलेली होती. लाभार्थ्याचं नाव. बाबुलालचं नाव. बापाचं नाव, आडनाव, सगळं बरोबर. तिनं दुसरं खोकं पुसलं. तिसरं पुसलं. सहाही टोलीतली नावं.

बाबुलाल तिच्या खांद्यावरून वाचत होता. चौथी शिकलेला माणूस, अक्षर लावून लावून वाचायचा. आपलं नाव मात्र त्यानं एका दमात वाचलं. मागच्या उन्हाळ्यात ते खोकं याच खांद्यावर होतं, चिठ्ठी वर, आणि खांद्यावरचं माणसाला दिसत नाही.

मधुकररावांचा सूर मऊ झाला होता. कागदपत्रात घोळ होता, म्हणून वाटप राहिलं, म्हणाले. आता पुढच्या आठवड्यात तपासणीवाले येणार आहेत. तुमची वस्तू तुम्ही घेऊन जा, माझ्या डोक्याचा ताप जाईल. पोच द्या फक्त. त्यांनी फाइलीतून एक कागद काढला. सहा नावं छापलेली, समोर सहीची जागा, त्याच्यापुढं तारखेची. "तू गटाची अध्यक्ष हायेस ना? सहाहीच्या जागी तूच सही कर, गटाच्या वतीनं. तारीख सोड. ती मी टाकतो मागच्या वर्षाची. म्हणजे तुमालेही त्रास नाई, मलेही नाई."

मग त्यांनी सहज विचारलं की आजच एवढी घाई कशाची. धुरपतानं सांगितलं, लाइन नाही, मासे मरून राहिले आहेत.

मधुकररावांनी खतवाल्याकडे पाहिलं. "फवाऱ्यानं मासे जगतेत का गा?"

खतवाला हसला. मधुकररावही हसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब लागल्याचं समाधान आलं. धुरपताला तो चेहरा नीट वाचता आला. पोच मिळून तपासणी मिटेल, मासे तर मरतीलच, आणि उद्या बोडीही येईल. एका दिवसात तिन्ही. म्हणून तर पंप मिळत होते.

तिला रागापेक्षा नवल वाटलं. जगायचं यंत्र हातात द्यायला माणूस तयार होतो, कारण त्याला खात्री असते की समोरच्याला ते चालवता येणार नाही.

"आधी खोके लादू द्या भाऊ," ती म्हणाली. "सही का कुठं पळून जाते?"

बाबुलालनं सहा खोकी ठेल्यावर रचली. या वेळी प्रत्येक खोकं त्यानं चिठ्ठी समोर करून उचललं. ठेला फाटकातून बाहेर पडला, वळला, दिसेनासा झाला. मग धुरपता पायरीवर बसली, कागद मांडीवर घेतला आणि लिहायला लागली. तिला लिहिता येतं ते गटाच्या वहीमुळं, चाळिशी उलटल्यावर आलेलं. एकेक अक्षर कोरून, पेन दाबून. एक सही झाली. दुसरी झाली. मधुकरराव वाट पाहत उभे होते. त्यांचा चष्मा आत होता.

"येवढं काय लिवते वो?"

"गटाचं नाव मोठं हाये, भाऊ."

तिनं सहाही ओळी भरल्या, तारखेच्या रकान्यासकट. आजची तारीख, आजची वेळ, अकरा वाजून पन्नास मिनिटं, सहा वेळा. कागद घडी घालून त्यांच्या हातात दिला. चहा पायरीवरच राहिला, त्याच्यावर साय धरली होती.

घरी आली तेव्हा परसराम दोन्ही हातांनी पाणी मारत होता, आळीपाळीनं. कोपरापर्यंत हात सुरकुतले होते. टाक्याच्या तळाशी काही पिल्लं पांढरी पडली होती. शेकड्यांनी असतील, पण हजार नव्हती. त्यानं मान वर न करता विचारलं, आणलं का. तिनं हो म्हटलं आणि खोकं फाडलं.

नव्या पंपातल्या बॅटऱ्या मेल्या होत्या. वर्षभर चार्ज न करता ठेवल्या की त्या मरतातच. दुसऱ्याची वस्तू अडवून ठेवणाऱ्याला ते कळायचं कारण नव्हतं. पण धुरपताला त्या नकोच होत्या. तिनं नव्यांच्या मोटरी काढल्या आणि जुन्यांच्या बॅटऱ्या. जुन्या बॅटऱ्या ओल्या फडक्यानं पुसल्या, फडकं टाक्यापासून लांब फेकलं, हात साबणानं तीनदा धुतले. टाक्याच्या काठाच्या जाळीला एक पाट आडवा बांधला, त्याच्यावर मोटर बांधली. बाबुलालनं चुलीत दाभण तापवून प्लास्टिकच्या नळीला भोकं पाडून दिली, बोटभर अंतरावर एक. ती नळी टाक्यावर या काठापासून त्या काठापर्यंत ताणली.

आधी परीक्षा. दहा पिल्लं, घमेलं, कोऱ्या मोटरीतलं पाणी. धुरपता मोजायला बसली. तीनशे. पाचशे. बाबुलालला धीर नव्हता, तो म्हणाला सोड ना आता. ती मोजतच राहिली. हजार झाले. बारीक पिल्लं घमेल्याच्या तळाला फिरत होती, एकही आडवं नाही.

तिनं वायरी जोडल्या. मोटर गुरगुरली, नळीच्या भोकांमधून पाण्याच्या बारीक धारा वर उडाल्या आणि पावसासारख्या टाक्यात पडल्या. तेव्हा तिच्या लक्षात आलं की लाल वायर काळीला लागली आहे आणि काळी लालला. तिनं घाईघाईनं उलटवली. मोटर तशीच चालली. पुन्हा उलटवली. तशीच. तिच्या कपाळाला आठी पडली. पंख्याच्या वायरी उलट्या केल्या तर पातं उलटं फिरतं, हे तिनं जत्रेतल्या खेळण्यात पाहिलं होतं. मग ही मोटर उलटी फिरूनही पाणी सुलटं कसं फेकते? त्या क्षणी सात हजार पिल्लांचा जीव टांगलेला, आणि ही बाई वायरी काढून लावून पाहत होती.

"आत्ता तं चाललं, आत्ताच उघडशीन का?" बाबुलाल म्हणाला.

"उद्या उघडतो," ती म्हणाली. "त्या चकतीतच काहीतरी हाये."

अकरा बॅटऱ्यांपैकी तीनमध्ये दम नव्हता. उरल्या आठ. एक बॅटरी एक मोटर तीन तास चालवते, हे बाबुलालला फवारणीवरून पाठ होतं. सहाही मोटरी लावल्या तर पाचच्या सुमाराला सगळं थंड. चार लावल्या तर दिवस मावळेपर्यंत पुरेल. मावळतीला गावातल्या विनोदचा ट्रॅक्टर चिखलणीवरून येईल; त्याची बॅटरी म्हणजे असल्या दहांची आई, ती रात्र काढून देईल, आणि कमी पडली तर ट्रॅक्टर दारातच चालू ठेवू. रोवण्यावरच्या बायांना निरोप गेला होता. विनोदलाही.

परसरामनं हात पाण्यातून काढले आणि मांडीवर उताणे ठेवले. तळवे पांढरे, फुगलेले, दुसऱ्याच कोणाचे असावेत तसे. तो त्या धारांकडे पाहत राहिला. धुरपतानं त्याला भात वाढला, पण त्याला घास धरता येईना, बोटं मिटत नव्हती. बाबुलालनं ताट पुढं ओढलं आणि त्याला भरवलं. टोलीतल्या माणसाच्या हातून ढिवराच्या घरचा म्हातारा जेवला. याची नोंद कुठल्या कागदावर होत नाही म्हणून इथं केली.

चार वाजता फाटकाशी मोटरसायकल थांबली. योगेंद्र आला होता, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. शिकलेला पोरगा, बोलायला सभ्य. धुरपता टाक्यावर वाकून एका मोटरची बॅटरी बदलत होती. कोपरापर्यंत ओली, पदर खोचलेला.

"काकू, तो मघाचा कागद जरा चुकला," तो म्हणाला. "बाबांनी नवीन पाठवला. सह्या तेवढ्या करा, तारीख नका टाकू."

"हात ओले हायेत माझे."

"थांबतो ना मी. पुसून घ्या."

"आज नाई वाळत."

योगेंद्रनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग आवाज उतरवून म्हणाला, "काकू, बाबांची नोकरी... म्हणजे पद जाईल हो. तपासणी आहे."

धुरपता सरळ उभी राहिली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या वयाचं काहीतरी तिला दिसलं असावं, कारण तिचा आवाज चढला नाही.

"पंप आज भेटले, तं आजची तारीख लिवली. मागच्या वर्षी भेटले असते तं मागच्या वर्षाची लिवली असती. तुझ्या बाबाले सांग, त्याच्यात माझी चूक कोणती ते मले येऊन सांगा. मी वाट पायतो."

नळीच्या धारांमधून उडालेलं बारीक पाणी वाऱ्यानं त्याच्याकडे येत होतं. पिशवीवर थेंब धरले. त्यानं ती शर्टाखाली घेतली. तो जाईल असं बाबुलालला वाटलं, पण तो गेला नाही. चार मोटरींकडे, बांधलेल्या पाटांकडे, आपल्या घरच्या कोठीतल्या त्या पंपांच्या पोटातून काढलेल्या आतड्यांकडे तो पाहत राहिला. मग एक पाऊल पुढं आला, जाळीला हात लावून टाक्यात डोकावला. पाणी फेसाळलेलं, हिरवट, आणि त्याच्यावर काहीच नव्हतं.

"मासे कुठं आहेत?" त्यानं विचारलं.

"खाली."

"दिसत नाहीत."

"दिसत नाईत म्हणजे जित्ते हायेत," धुरपता म्हणाली आणि दुसऱ्या मोटरीच्या बॅटरीवर हात ठेवून ती किती तापली आहे ते पाहायला लागली.